शेंडेबाईंची करडी वायर

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कुठे लावायचं ते गुरुजींनी सांगितलं असेल, पण ते तिथंच राहिलं. अक्षर तर असं आहे की वाणसामानाची यादी मी लिहिली की माझी मुलगी ती परत लिहून काढते. नातीची, चिमीची, एक अर्धी वही घरात पडून होती, चार रेघांची, तिच्यात लिहिते आहे. निदान ओळी तरी सरळ येतील. हे कोणाला दाखवायचं नाही. शेंडेबाई गेल्या महिन्यात जयपूर सोडून गेल्या आणि त्यांच्याबद्दल लिहून ठेवावं असं सारखं वाटतं, एवढंच.

बाई आमच्या डोक्यावर राहायच्या. आम्ही जगतपुऱ्यातल्या या इमारतीत पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्यावर. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. खाली नळाचे पाइप, वर चौकोनी आभाळ. एकदा मी इथल्या मांजरीला सांगली-जतच्या भाषेत शिव्या देत होते, तर वरून आवाज आला, "हं, बोला. मराठी कोण बोलून राहिलं खाली?"

मी घाबरून खिडकी लावून घेतली. मला अनोळखी माणसाशी बोलायला आधीपासून जमत नाही. दहा मिनिटांनी दारावर दोनदा टकटक झाली. दार उघडलं तर उंच, सडसडीत, साठी उलटलेली बाई. पांढऱ्या केसांचा अंबाडा, आणि त्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्या दाराच्या चौकटीला कान लावून उभ्या होत्या. मला बघूनही कान लगेच काढला नाही.

"बिजागरी कोरडी आहे," त्या म्हणाल्या. "तेल घाल. मी वसुधा शेंडे, नागपूरची. तू?"

बाई टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्या होत्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, बिघडलेल्या लाईनींचा दोष शोधायचा. कानाला हेडफोन लावून टेबलाशी बसायचं, एकेक लाईन तपासायची आणि लाईनमनला सांगायचं की दोष अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत आहे, जा. लग्न केलं नव्हतं. नोकरीतली शेवटची बदली जयपूरला झाली, इथं स्वस्तात फ्लॅट मिळाला, म्हणून राहिल्या. डावा कान हेडफोनने खाल्ला असं त्या म्हणायच्या. बोलताना उजवी बाजू पुढं करायच्या, त्यामुळे नवीन माणसाला वाटायचं की बाई तोंड फिरवून बसल्या आहेत.

फोनची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की समोर आलेल्या माणसालाही "हं, बोला" म्हणायच्या, आणि कोणाच्या घरून निघताना "येते" म्हणायच्याऐवजी "ठेवते" म्हणायच्या. माझा नवरा फौजेतून नाईक म्हणून रिटायर झाला. आता एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकावर असतो. तो फार कमी हसतो. पण बाई "ठेवते" म्हणून जिना चढायला लागल्या की तो वर्तमानपत्रामागं हसायचा.

बाईंचं शहाणपण मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या दारावरच्या घंटीवरून. घंटी वाजेनाशी झाली. शेजारचा भैया म्हणाला नवी बसवा. नवरा म्हणाला बटण गेलंय. बाई आल्या, दोघांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "दोष कुठे नाही ते आधी सांग."

मला काही कळेना. कुठे आहे ते माहीत नाही, तर कुठे नाही ते काय सांगणार?

"अगं, लाईट आहेत ना घरात? मग दोष मेनमध्ये नाही. एक जागा कमी झाली." मग त्यांनी बटणापासून घंटीपर्यंतच्या वायरीचा बरोबर मधला जोड शोधला, चिकटपट्टी सोडवली आणि टेस्टर लावला. "इथपर्यंत येऊन राहिलं. म्हणजे बटण चांगलं. आता उरलेल्याच्या अर्ध्यात बघू." तीन वेळा अर्धं केलं, आणि चपलांच्या रॅकमागं वायर उंदरानं कुरतडलेली सापडली. रुपयाचं सामान लागलं नाही. जाताना त्यांनी शेजारच्या भैयाला हिंदीत सांगितलं, "भाईसाहब, बेचारी घंटी का क्या कसूर था?"

दोन वर्षांपूर्वी माझी मनीषा सासर सोडून आली. का, ते इथं लिहीत नाही. पाच वर्षांची चिमी आणि कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन आली. बी.एस्सी. झालेली पोर. महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायची. मग तिला घरबसल्या काम मिळालं. लहान मुलांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवायचं, दुपारी चार ते सात, तासातासाचे तीन वर्ग. पहिले सहा महिने पारखायचे होते. नियम एकच आणि तो कडक. एका महिन्यात तीन वर्ग चुकले की नाव कमी. कारण विचारत नाहीत.

कॉम्प्युटर मात्र स्वतःचा हवा होता. नवऱ्याच्या पेन्शनचे पैसे गावच्या घराच्या छपरात गेले होते. मी कोणाला काही मागितलं नाही, मला मागता येतच नाही. पण डक्टमधून सगळं ऐकू जातं. बाई आल्या, टेबलावर अकरा हजार ठेवले आणि म्हणाल्या, "जमेल तसे दे. वेळ लागला तरी चालेल, थांबायचं नाही." मग त्याच आम्हाला मालवीय नगरच्या जुन्या लॅपटॉपच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदार चकचकीत झाकणाचे दाखवत होता. बाई एकेकाला कान लावत होत्या, आतला पंखा ऐकायला. शेवटी एक जाड, काळा, कडेला बरीच भोकं असलेला निवडला. मनीषाचं तोंड उतरलं.

"काकू, हा किती जुनाट दिसतो."

"दिसू दे. याला वायर लावायची जागा आहे. नव्या पातळ लोकांना ती नसते."

वाय-फाय बाईंचंच होतं. त्यांच्या घरातला डबा डक्टच्या भिंतीला लागून होता, आमच्या स्वयंपाकघरात छान पोचायचं. मनीषा ओट्यासमोर टेबल टाकून शिकवायची आणि मी त्या तीन तासांत भांड्याचा आवाज करायची नाही. चार महिने नीट चाललं. पोर हसायला लागली होती. परदेशातल्या कुठल्याशा पोराला ती "व्हेरी गुड" म्हणायची आणि मी कणीक मळता मळता मनात म्हणायची, व्हेरी गुड.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो.

एका मंगळवारी मनीषा बँकेत गेली होती, चिमी शाळेत. मी टेबल पुसत होते. लॅपटॉपचं झाकण पुसायला उघडलं तर तो जागा झाला आणि मधोमध एक चौकट आली. इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं आणि खाली दोन बटणं, एक निळं, एक करडं. मी झाकण लावलं. परत उघडलं. चौकट तिथंच.

आमच्या घरात कागदाची भीती आहे. फौजेतल्या माणसाच्या बायकोला कळेल मी काय म्हणते ते. एकदा पेन्शनच्या ऑफिसातून एक कागद आला होता. काय आहे ते न कळल्यामुळे मी तो नवऱ्याच्या ट्रंकेत ठेवून दिला, वेळेत सही गेली नाही आणि चार महिने पेन्शन अडली. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की कागद आला की त्याला उत्तर द्यायचं, तसाच ठेवायचा नाही. मला वाटलं, हा मनीषाच्या नोकरीचा कागद आहे. विचारत असतील, काम करणार का? मनीषानंच मोबाईलवर शिकवलं होतं, निळं म्हणजे हो. ती यायला वेळ होता. मी निळं दाबलं.

पडदा काळा झाला. मग एक गोल फिरायला लागलं आणि आकडे चढायला लागले. आकडे मला वाचता येतात. दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तशी मी त्यासमोर उभी राहिले. बराच वेळ गेला. शेवटी शंभर झाले, पडद्यावर वेगळंच चित्र आलं, निळ्या डोंगरांचं. मी झाकण लावलं आणि कोणाला काही बोलले नाही. वाटलं, झालं असेल काम.

चार वाजता मनीषा बसली. दोन मिनिटं चाललं आणि मुलं पडद्यावरून गेली. परत लावलं, परत गेली. "हे काय, हे तर नवीन सिस्टिम टाकल्यासारखं दिसतंय," ती पुटपुटली, आणि तिचे हात भराभर चालायला लागले. चारचा वर्ग गेला. पाचचा गेला. सहाचा तिनं कसाबसा माझ्या छोट्या फोनवरून घेतला, तर कंपनीकडून ताकीद आली की फोनवरून चालणार नाही, यापुढं असा वर्ग धरला जाणार नाही. म्हणजे दोन चुकले. आणखी एक चुकला की संपलं.

आदल्या दिवशी चिमी लॅपटॉपवर टकटक करताना सापडली होती. मनीषानं तिला ओढून उभं केलं. "तूने दबाया ना कुछ?"

"मैंने नहीं छुआ, मम्मा."

"खोटं बोलतेस?" आणि तिनं पोरीला मारलं. गालावर. आमच्या घरात त्या पोरीला कोणी कधी हात लावला नव्हता. सासरहून तेवढ्यासाठीच तर त्या दोघी आल्या होत्या.

चिमी माझ्याकडे बघत होती. मी कणीक मळत होते. मी मळतच राहिले.

दारावर दोनदा टकटक झाली. बाई डक्टमधून सगळं ऐकून आल्या होत्या. "हं, बोला," म्हणाल्या, पण खुर्चीवर न बसता आधी खाली बसल्या आणि चिमीला मांडीवर घेतलं. मनीषा एका श्वासात सांगत होती, वाय-फाय लागतं, तुटतं, चिमीनं काहीतरी केलं, दुकानदारानं भंगार दिलं, आता माझं नाव जाणार.

"दोष कुठे नाही ते आधी सांग," बाई म्हणाल्या.

"काकू, आत्ता नको ना हे."

"आत्ताच. तुझ्या आईचा फोन याच वाय-फायवर चालून राहिला ना? मग माझा डबा चांगला, बाहेरून येणारी लाईन चांगली. अर्धं गेलं." मग त्यांनी स्वतःच्या फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट दिलं. तेही लागलं आणि तुटलं. "म्हणजे कोणाचंही वाय-फाय दे, हा धरत नाही. दोष लॅपटॉपात. आता बघायचं, याचं इंटरनेटच गेलं की नुसतं हवेतून घेणं गेलं."

ते बघायला वायर हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माळ्यावरून एक ट्रंक काढली. तिच्यात नोकरीच्या काळातल्या वायरींची वेटोळी होती, आणि त्यांत एक लांबच लांब करडी वायर. वरच्या खिडकीतून त्यांनी ती डक्टमध्ये सोडली. मी आमच्या खिडकीतून हात काढून धरली. एक टोक त्यांच्या डब्यात, दुसरं मनीषाच्या लॅपटॉपच्या कडेच्या भोकात. चालू झालं. तुटलं नाही.

चारचा वर्ग मनीषानं वायरीवर घेतला. पुढचे दिवस तसेच गेले. खिडकीतून वायर आत आलेली, जाळी उघडी, डास आत. पावणेचार वाजले की वरून बाई वायरीला हलका हिसका द्यायच्या. म्हणजे, मी आहे, बस. मनीषा खालून एक हिसका द्यायची. कबुतर त्या वायरीवर बसलं की मी लाटणं घेऊन उभी राहायची. वायर निसटली तर तिसरा वर्ग गेला, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. आणि दुसरं जे डोक्यात होतं ते मी कोणाला सांगत नव्हते.

बाई रोज सकाळी येऊन लॅपटॉपसमोर बसायच्या. एक भिंग, एक वही, अंबाड्यातली पेन्सिल. या नव्या गोष्टी त्यांना येत नव्हत्या, त्या फोनवर वाचून शिकत होत्या. एक गोष्ट करायची, बघायची, वहीत लिहायची, फुली मारायची. बंद करून चालू केलं, फुली. वाय-फायचं नाव पुसून पासवर्ड परत घातला, फुली. बॅटरी वाचवायची खूण काढली, फुली. दिवसाला दोन-तीनच.

मनीषाचा धीर सुटायचा. "काकू, सगळं एकदम करून टाका ना. काहीतरी लागू पडेलच."

"पडेल. पण कशानं पडलं ते कळणार नाही. परत बिघडलं तर काय करशील? तेव्हा मी असेनच कशावरून?"

पाचव्या दिवशी मनीषा चिमीला शाळेतून आणायला गेली होती. मी बाईंना चहा दिला. त्या नेहमी अर्धा कप घ्यायच्या आणि मग उरलेला अर्धा मागायच्या. पडद्यावर एक यादी होती. बाईंनी भिंग धरलं, बराच वेळ धरलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. इंग्रजी मला येत नाही, पण त्यांनी पेन्सिलीचं टोक जिथं ठेवलं होतं तिथं तारीख होती. मंगळवारची. आणि पुढं वेळ, अकरा चाळीस.

अकरा चाळीसला घरात कोण होतं ते सांगायची गरज नव्हती. बाईंनी लॅपटॉप परत आपल्याकडे वळवला आणि उरलेला अर्धा चहा मागितला.

"मी नवी होते तेव्हाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "एका दवाखान्याची लाईन सारखी मरायची. डॉक्टर रोज तक्रार करायचा. लाईनमन होता एक, जरा उशिरा यायचा, तंबाखू खायचा, मला तो आवडायचा नाही. मी तक्रारवहीत लिहिलं, लाईनमनचा हलगर्जीपणा. तीनदा लिहिलं. त्याची बदली झाली, लांब जंगलाच्या बाजूला. लाईन तरी मरतच राहिली. मग एकदा मी माझ्या टेबलावरचा प्लग पुसला. माझा स्वतःचा. त्यात धूळ होती. लाईन जिवंत झाली."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. प्लग पुसला आणि गप्प बसले. दोन वर्षं. कोणी विचारलंच नाही. दोन वर्षांनी सुट्टी काढून त्याच्या गावी गेले, सांगितलं. त्यानं चहा पाजला मला. त्याच्या पोरीची शाळा सुटली होती त्या बदलीत. ती मी कुठून आणून देणार?" त्यांनी कप खाली ठेवला. "दोष सापडला नाही तर माणूस जवळच्या गरिबावर ठेवतो, रंजना. म्हणून मी आधी कुठे नाही ते विचारते. ठेवते."

आणि गेल्या.

मी त्या दिवशीही बोलले नाही. मला वाटलं, मनीषा म्हणेल, तुझ्यामुळे माझं परत सगळं मोडलं. ती आधीच एका घरातून निघून आली होती. माझ्या घरात तरी तिला कोणाबद्दल तसं वाटू नये. असं मी मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

सातव्या दिवशी बाईंना सापडलं. लॅपटॉपमध्ये हवेतून घेणारा जो भाग आहे, त्याला चालवणारी एक लहानशी गोष्ट असते. नव्या सिस्टिमनं जुनी काढून आपली बसवली होती आणि ती या जुन्या भागाशी जमत नव्हती. पण जुनी फेकलेली नव्हती, बाजूला ठेवलेली होती. ती परत बोलवायचं एक बटण होतं.

"ये इकडे," बाई मला म्हणाल्या. "हे तू दाब."

मनीषाला गंमत वाटली. "काकू, आई कशाला?"

माझे हात पदरात होते, ते बाहेर येईनात. मी नाही म्हणून मान हलवली. बाईंनी वाट बघितली. मग अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि तिच्या मागच्या टोकानं स्वतः दाबलं. वायर काढली. कोपऱ्यातल्या वाय-फायच्या रेघा चढल्या आणि तशाच राहिल्या. पंधरा मिनिटं आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो. गेल्या नाहीत.

मनीषानं बाईंना मिठी मारली. मग चिमीला जवळ घेतलं, प्रेमानंच, आणि बोट दाखवून म्हणाली, "अब हाथ लगाएगी कभी?"

चिमीनं मान खाली घातली. "नहीं लगाऊँगी, मम्मा. सॉरी."

पोरीनं कबूल केलं. जे केलंच नव्हतं ते. आठवड्यात तिला स्वतःलाच वाटायला लागलं असेल की आपणच केलं.

बाई उठल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "वायर गुंडाळून घेते," एवढंच म्हणाल्या. "ठेवते." थोड्या वेळानं डक्टमध्ये ती करडी वायर वर सरकायला लागली. आमच्या खिडकीच्या गजांना घासत, हळूहळू. तिचं टोक खिडकीबाहेर गेलं तेव्हा मी म्हणाले, "मनीषा, चिमीनं नाही. मी दाबलं. मंगळवारी. निळं होतं म्हणून."

वायर वर थांबली. बाई ऐकत होत्या, मला माहीत आहे.

 मला वाटलं मनीषा ओरडेल. ती हळू आवाजात म्हणाली, "मग मी हिला मारलं कशाला, आई?" आणि चिमीला उचलून आतल्या खोलीत गेली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं की खायची आणि ताट उचलून न्यायची. तिसऱ्या दिवशी एक कागद लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवला. त्यावर चार इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत, आणि समोर मराठीत: हो. नाही. आता नको. मनीषाला विचार. शेवटच्या ओळीला मी हसले, मग तीही हसली. पण चिमीच्या गालाकडे माझं लक्ष अजून जातं. तिथं काही नाही, तरी जातं.

मनीषाची नोकरी पक्की झाली. दर महिन्याला ती बाईंचे थोडे थोडे पैसे पाकिटात घालून माझ्याकडे द्यायची आणि मी वर नेऊन द्यायची. बाई कधी नको म्हणाल्या नाहीत, मोजून घ्यायच्या. त्या बदल्यात मला अर्धा तास बसवून इंग्रजी अक्षरं शिकवायच्या, फोनवरचीच. पे. बॅक. कॅन्सल. मी वाचायची, पण दाबायची नाही. त्या मंगळवारपासून मी कुठलंही बटण दाबलं नव्हतं. भाजीवाल्याचे पैसेसुद्धा मनीषा फोनवरून पाठवायची. बाई रागवायच्या नाहीत. "येईल," म्हणायच्या. एकदाच टोमणा मारला, "फौजेतल्या माणसाची बायको ना तू? बटणाला भिऊन राहिली."

गेल्या महिन्यात त्यांचा उजवा कानही मंद झाला. डक्टमधून हाक मारली तर ओ येईना. भाची नागपूरहून आली आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. तोवर अकरा हजारांतले पाचशेच राहिले होते.

निघायच्या दिवशी सामान टॅक्सीत चढलं. बाई मागच्या सीटवर बसल्या, भाची पुढं. मी पाचशेची नोट पदराच्या गाठीतून काढून पुढं केली.

"हातात नको," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, माफ करतात. मी म्हटलं, "नाही बाई, घ्याच."

"घेणार आहेच. फोनवरून पाठव. तू. ती नाही." मनीषा पुढं यायला लागली होती, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

टॅक्सीवाला म्हणाला, "मैडम, गाड़ी छूट जाएगी."

"छूटने दो, भैया." आणि त्यांनी स्वतःचा फोन खिडकीत धरला आणि माझ्याकडे उजवा कान केला.

मी फोन काढला. बाईंचं नाव शोधलं. पाच, शून्य, शून्य. मग ते बटण आलं, निळंच. मी त्यावरची अक्षरं एकेक वाचली, मोठ्यानं, पी, ए, वाय. चिमी माझ्या कोपराजवळ उभी होती. तिनंही वाचलं. मी दाबलं. फोननं गुप्त आकडे मागितले, ते घातले. गोल फिरायला लागलं. त्या दिवशी फिरलं होतं तसंच. 

बाईंच्या हातात फोन वाजला. त्यांना तो ऐकू आला नसावा, पण हाताला कळला. त्यांनी भिंग काढून पडद्यावर धरलं.

"आले," म्हणाल्या. "सगळे आले. ठेवते."